नवी की जुनी? भारतीय कुटुंबाच्या व्हॅनचा विस्मृतीत गेलेला इतिहास (धागा)

घरात मोठी गाडी घ्यायची ठरली की पहिला वाद एकच असतो : नवी घ्यायची की जुनी? आजी-आजोबा, दोन मुले आणि सुट्टीला गावी न्यायचे सामान एवढे सगळे मावेल अशी सात-आठ आसनांची गाडी नवी घ्यावी तर खिशाला झेपत नाही, जुनी घ्यावी तर फसवले जाण्याची धास्ती. हा वाद इतका नेहमीचा आहे की त्यालाही इतिहास असेल असे आपल्या मनात येत नाही.

पण तो आहे, आणि विलक्षण आहे. कारण याच देशात एक काळ असा होता, की वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग मिळत असे.

मित्रहो, हे वाक्य चुकून उलटे छापलेले नाही. ते समजून घ्यायचे तर १९५३ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्यापूर्वी मुंबईत जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता, १९२८ पासूनचा. परदेशातून सुटे भाग पेट्यांतून येत आणि येथे गाडी उभी राही. फोर्डचेही तसेच. १९५३ साली सरकारने टॅरिफ कमिशनचा सल्ला मानून ठरवले, की ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी भारतातच बनवतील त्यांनीच येथे राहावे. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन नावे उरली : उत्तरपाऱ्याची हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंदांनी उभारलेली कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. आपले वडील-आजोबा 'ॲम्बॅसिडर की फियाट' यापलीकडे विचार का करीत नसत, याचे उत्तर त्यांच्या आवडीनिवडीत शोधू नये. ते या निर्णयात आहे.

या कंपन्यांनी किती गाड्या बनवाव्यात, हेही परवान्याने ठरे. १९५९ साली मोटारींच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा सरकारी आदेश निघाला. एका मोटारीची वाजवी किंमत किती, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायमूर्तींना कारखान्यांचे खर्च, नफा आणि परतावा यांचा हिशेब तपासावा लागला. १९८० च्या सुमारास देशात वर्षाला तीस हजारांच्या घरात मोटारी तयार होत. १९८१ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली अडुसष्ट कोटींवर.

आता या यंत्रणेत सापडलेल्या कुटुंबाकडे पाहू. तुम्ही बयाणा भरून नाव नोंदवता, तुम्हाला क्रमांक मिळतो आणि मग वाट पाहणे सुरू होते. ती काही आठवड्यांची नसे, वर्षांची असे. गाडीची अधिकृत किंमत कमी होती हे खरे, पण त्या किमतीत गाडी आज मिळत नव्हती. याउलट शेजारच्या गल्लीतली दोन वर्षे वापरलेली फियाट आज संध्याकाळी दारात उभी राहू शकत होती. म्हणून तिला नव्यापेक्षा जास्त पैसे मोजणारे लोक भेटत. ते पैसे पत्र्याचे नसत, वाचलेल्या वर्षांचे असत. जुन्या गाडीचा मालक एका परीने गाडी विकतच नव्हता. रांगेतली आपली जागा विकत होता.

याचा एक चमत्कारिक परिणाम झाला. नवी गाडी मिळणे ही बक्षिसासारखी गोष्ट बनली. नंबर लागला की घरात पेढे वाटायचे आणि त्याच वेळी कोणी तरी हळूच विचारायचे, 'विकणार का?' निवड करणारा ग्राहक या चित्रात जवळपास नाहीच. रंगसुद्धा मिळेल तो घ्यायचा. माझ्या मते परवाना राजचे वर्णन करताना आपण कारखानदारांविषयी फार बोलतो आणि या रांगेतल्या माणसांविषयी फार कमी.

आणि मोठ्या कुटुंबाचे काय? ॲम्बॅसिडरच्या सलग बाकांवर पुढे तीन, मागे चार आणि मांडीवर मुले, हा त्यावरचा सर्वमान्य उपाय होता. खरीखुरी व्हॅन म्हणावी अशी गाडी महाराष्ट्रातच तयार होत होती : आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातली मॅटाडोर. ती मूळची जर्मन. हॅम्बुर्गच्या विडाल आणि सन या कंपनीच्या गाड्या 'टेम्पो' या नावाने विकल्या जात. तिच्याशी सहकार्य करून फिरोदियांनी येथे आधी तीनचाकी आणि मग व्हॅन बनवली. (सामान वाहणाऱ्या कोणत्याही छोट्या गाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द मुळात हॅम्बुर्गच्या एका कंपनीचा छाप आहे. मराठीत असे किती शब्द मुकाट्याने येऊन बसले आहेत!) पण मॅटाडोर घरासाठी सहसा कोणी विकत घेत नसे. ती लग्नाच्या वऱ्हाडासाठी, देवदर्शनासाठी 'ठरवली' जाई. कुटुंबाची व्हॅन ही भाड्याची वस्तू होती.

मग आले १९८३ साल. त्या वर्षाच्या अखेरीस, सहा आठवड्यांच्या अंतराने, जगाच्या दोन टोकांना दोन गाड्या कारखान्याबाहेर पडल्या.

पहिली २ नोव्हेंबरला, कॅनडातील विंडसर येथे. १९७९ साली दिवाळखोरीच्या काठावर पोहोचलेली क्रायस्लर सरकारी हमीच्या कर्जावर तगली होती. तिचे प्रमुख ली आयकोका आणि त्यांचे सहकारी हॅल स्पर्लिक हे दोघेही पूर्वी फोर्डमध्ये होते, आणि छोट्या कौटुंबिक व्हॅनची कल्पना तिथे नाकारली गेली होती. क्रायस्लरने ती प्रत्यक्षात आणली : पुढच्या चाकांना ताकद देणारे इंजिन, त्यामुळे खाली सपाट आणि बुटका तळ, आत चालता येईल अशी जागा, आणि तरीही घरच्या गॅरेजात मावेल एवढी उंची. डॉज कॅरॅव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या नावांनी आलेल्या या गाडीने 'मिनीव्हॅन' हा शब्द घरोघरी नेला.

दुसरी १४ डिसेंबरला, गुडगाव येथे : पहिली मारुती ८००. तिची नोंदणी त्याच वर्षी खुली झाली तेव्हा प्रत्येकी दहा हजार रुपये भरून सुमारे एक लाख पस्तीस हजार लोकांनी नावे घातली. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आत-बाहेर होती. म्हणजे किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम लोकांनी न पाहिलेल्या गाडीसाठी आधीच मोजली. आदल्या तीस वर्षांची तहान मोजायला याहून चांगले माप सापडणार नाही.

पण आपल्या गोष्टीची नायिका ८०० नव्हे. ती आहे पुढच्या वर्षी, १९८४ च्या अखेरीस आलेली मारुती व्हॅन, जिला पुढे ऑम्नी हे नाव मिळाले.

ही व्हॅन जपानच्या सुझुकी कॅरीवर बेतलेली होती. जपानमध्ये अतिलहान गाड्यांचा एक कायदेशीर वर्ग आहे, 'केई' नावाचा. १९७६ पासून त्या वर्गाची मर्यादा होती लांबी ३.२ मीटर, रुंदी १.४ मीटर. एवढ्या चौकटीत जास्तीत जास्त माणसे आणि माल बसवायचा, तर इंजिनासाठी स्वतंत्र नाक परवडत नाही. म्हणून इंजिन पुढच्या आसनांखाली ढकलले गेले, चालक जवळजवळ पुढच्या चाकांवर बसला आणि त्याच्या गुडघ्यांपुढे उरला केवळ एक पत्रा. भारतात आलेल्या गाडीत ८०० चेच ७९६ सीसीचे इंजिन होते. तिची सरकती दारे गर्दीच्या गल्लीतही पूर्ण उघडत. मागची आसने काढली तर दुकानाचा माल, लावली तर अख्खे कुटुंब. डॉक्टरांनी तिची रुग्णवाहिका केली, केटरर मंडळींनी मालगाडी केली, शाळांच्या वाटेवर ती दप्तरांनी ओसंडून वाहू लागली आणि हिंदी चित्रपटांनी तिला अपहरणाचे अधिकृत वाहन करून टाकले.

अमेरिकन मिनीव्हॅनशी तिची तुलना करणे मोहाचे असले तरी फसवे आहे. क्रायस्लरने सुखवस्तू कुटुंबाला आणखी ऐसपैस जागा दिली. मारुतीने पहिलीच गाडी घेणाऱ्या कुटुंबाला शक्य तितक्या कमी पत्र्यात जास्तीत जास्त माणसे दिली. त्या काटकसरीची किंमत पुढे बसणाऱ्यांच्या पायांनी मोजायची होती, पण त्या काळी अपघात-चाचणीची भाषा कोणी ग्राहक बोलत नव्हता. आपणही आज तिच्याकडे पाहताना हे दोन्ही एकदम आठवावे.

सुरुवातीची काही वर्षे जुनाच न्याय चालू राहिला. हाती तयार असलेली मारुती छापील किमतीहून चढ्या भावाने जाई. मात्र कारखान्याचे उत्पादन वाढत गेले, १९९३ साली मोटार उद्योग परवान्याच्या जाचातून मुक्त झाला आणि रांगा वितळू लागल्या. आता कुठे जुनी गाडी नव्यापेक्षा स्वस्त होऊ लागली, जी जगात इतरत्र नेहमीच असते. 'नवी की जुनी' हा प्रश्न भारतीय कुटुंबाला खऱ्या अर्थाने पडला तो या वळणावर.

पण प्रश्न बदलला होता. आधी काळाचा होता, आता माहितीचा झाला.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक निबंध लिहिला, तो नेमका जुन्या मोटारींच्या बाजारावर आहे. गाडी आतून कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सावधपणे कमी भाव सांगतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात वाईट गाड्यांचेच प्रमाण वाढत जाते. आपल्याकडच्या कुटुंबांनी हा निबंध वाचला नव्हता, पण त्यावरचा उतारा त्यांना ठाऊक होता : ओळख. डॉक्टरांची एकहाती वापरलेली गाडी, बँकेतल्या साहेबांची गाडी, काकांच्या मित्राची गाडी. आणि सोबत घरचा मेकॅनिक. तो व्हॅनची पुढची आसने उचलून इंजिन पाही, पायपुसणी सरकवून तळाचा गंज तपासे, सरकते दार चार वेळा मागेपुढे करून त्याची पट्टी झिजली आहे का ते बघे, आणि गॅसवर चालवल्याच्या खुणा शोधे. गाडी शाळेच्या फेऱ्या मारून थकलेली आहे का, हे त्या झिजलेल्या पट्टीवरूनच कळत असे.

पर्यायही वाढले. १९९४ साली टेल्कोची सुमो आली. नाव जपानी कुस्तीचे वाटते, पण ते कंपनीच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातील आद्याक्षरांवरून घेतलेले. २००० साली टोयोटा-किर्लोस्करची क्वालिस आली, मूळची इंडोनेशियातली किजांग. २००१ ची मारुती व्हर्सा मात्र अमिताभ आणि अभिषेक बच्चन यांच्या जाहिरातींनंतरही चालली नाही.

क्वालिसची कथा या धाग्यासाठी विशेष आहे. ती उत्तम खपत असतानाच कंपनीने ती थांबवली आणि २००५ साली इनोव्हा आणली. शोरूममधून क्वालिस गेली आणि चांगल्या अवस्थेतल्या जुन्या क्वालिसला जोरदार मागणी राहिली. अडचण अशी, की असंख्य क्वालिस कॉल सेंटरच्या भाड्यावर रात्रंदिवस धावलेल्या. त्यामुळे कुटुंबे आधी विचारत, 'नंबरप्लेट कधी पिवळी होती का?'

२००१ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवा. त्याच वर्षी अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी मारुतीने 'ट्रू व्हॅल्यू' नावाने तपासलेल्या जुन्या गाड्या स्वतः विकायला सुरुवात केली. हा निव्वळ योगायोग आहे, पण किती नेटका! ओळखीच्या डॉक्टरांची जागा आता कंपनीच्या शिक्क्याने घ्यायची होती. ती पूर्णपणे घेतली गेली असे मला वाटत नाही. आजही कंपनीच्या दालनात शिक्का मारलेली व्हॅन पाहायला जाताना माणसे ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतातच.

ऑम्नीचा शेवट नियमांनी केला. अपघात-सुरक्षेचे नवे निकष लागू होणार होते आणि गुडघ्यांपुढे एक पत्रा असलेली रचना त्यांत बसवणे शक्य नव्हते. २०१९ साली, सुमारे पस्तीस वर्षांनंतर, तिचे उत्पादन थांबले. ज्या गाडीपासून 'नवी की जुनी' हा प्रश्न घराघरांत आला, ती आता फक्त जुनीच मिळते. विकणाऱ्याने २९ क्रमांकाचा नमुना भरायचा, दोघांनी मिळून ३० क्रमांकाचा, आणि आरटीओत नाव बदलून घ्यायचे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्या हिशेबाने शेवटच्या ऑम्नींची मुदत २०३४ साली भरेल, आणि पुढे तळाचा पत्रा टिकला तर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी.