तळटीप १४ : ‘पंप खाली ठेवू नकोस’

१४. पंप : बदलापूरच्या बॅरेजवर उल्हास नदीचे पाणी उपसणारे पंप या भागातल्या वाचकाला आधी आठवतील. उल्हासनगर, अंबरनाथच्या अतिदक्षता विभागांतली सिस्टर ‘पंप’ म्हणते तो मात्र खाटेशेजारच्या स्टँडवरचा सिरिंज पंप. त्यातली मोटर आट्यांचा दांडा फिरवते आणि तो दांडा सिरिंजचा दट्ट्या पुढे ढकलतो. पंप औषध मोजत नाही. दट्ट्या किती सरकला ते पाहून सिरिंजच्या व्यासावरून हिशेब मांडतो. म्हणून सिरिंजचा मेक चुकीचा निवडून २७ मिलिमीटर व्यासाऐवजी २८ धरला गेला, तर औषध सुमारे ७ टक्के कमी जाते. शिवाय, याच २७ मिलिमीटरच्या सिरिंजमधून ताशी १ मिलिलिटर सोडायचे, तर दट्ट्या तासाला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर सरकतो. इतक्या संथ चालीत रबर अडखळते आणि मग एकदम सुटते. सुरुवातीला आट्यांतली ढिलाई भरून निघेपर्यंत औषध पुढे जातच नाही. त्यामुळे कमी वेगासाठी लहान सिरिंज घेतात आणि रुग्णाला जोडण्याआधी नळी पंपानेच भरून घेतात. चालू पंप वर उचलला तर क्षणभर जास्त औषध जाते, खाली नेला तर प्रवाह काही वेळ थांबतो. नॉरअॅड्रेनॅलिनसारखे औषध चालू असेल, तर तेवढ्यात रक्तदाब हलतो. मजकुरातली सिस्टर वॉर्डबॉयवर ओरडते, त्याचे कारण हेच. — संपा.