मीम, सजीवत्व आणि पाठपरंपरा : हेदवीतील आरतीच्या निमित्ताने एक विचार

प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज लक्ष्मीगणेशाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. भाद्रपदात मुंबईहून चाकरमानी परतले की कोकणातील अशा गावांतून समर्थ रामदासांच्या (१६०८-१६८१) नावावर असलेली गणपतीची आरती घरोघरी म्हटली जाते. या आरतीतील 'संकटी' या शब्दाच्या जागी अनेकांच्या मुखी 'संकष्टी' हा शब्द रुळला आहे. संकष्टी चतुर्थीचे व्रत परिचयाचे असल्याने हा पाठभेद टिकला असावा. नक्कल, बदल आणि निवड ही उत्क्रांतीची तीनही अंगे येथे दिसतात. मग आरतीस सजीव मानावे काय?

मीम-संकल्पना

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली 'द सेल्फिश जीन' या ग्रंथात अनुकरणाने पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकास 'मीम' हे नाव दिले. मीम हे केवळ रूपकाने नव्हे, तर शास्त्रीय अर्थानेही सजीव मानावे, हे निकोलस हम्फ्री यांचे मत त्यांनी तेथेच नोंदविले.

पाठचिकित्सेचा दाखला

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आदिपर्वाच्या हस्तलिखितांची उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा शाखांत वंशावळ मांडली. म्हणजे 'मीम' हा शब्द जन्मण्यापूर्वीच संहितांची वंशवृक्षाच्या रीतीने मांडणी होत होती. मात्र शाखांचा परस्परांशी इतका संकर झाला होता की केवळ वंशावळीच्या आधारे मूळ पाठ ठरविता येत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. अर्थात जिवाणूही परस्परांत जनुकांची देवघेव करतात. तेव्हा केवळ संकरामुळे मीमचा दावा फेटाळता येत नाही.

वर्गीकरणाची अट

खरी अडचण अन्यत्र आहे. जीवशास्त्रात प्रजातीचे नाव एका प्ररूप नमुन्याशी बांधलेले असते. विषाणूंच्या सजीवत्वाविषयी मतभेद असूनही त्यांचे स्वतंत्र वर्गीकरण होते, कारण त्यांचा न्यूक्लिइक आम्लाचा अनुक्रम तपासता येतो. आरती मात्र कधी कंठात, कधी कागदावर, तर कधी ध्वनिफितीत असते. या सर्वांत समान असे द्रव्य नाही, पेशी नाही, चयापचयही नाही. वंशावळ मांडता येणे ही सजीवत्वाची खूण नव्हे. तसे असते तर भाषांनाही प्राणिसृष्टीत स्थान द्यावे लागले असते.

निष्कर्ष

सबब मीमला जैविक वर्गीकरणात स्थान देणे युक्त ठरत नाही. उत्क्रांतीची उपमा मात्र अभ्यासास उपकारक आहे. हा प्रश्न केवळ संज्ञेचा नाही. आरती स्वतःच्या बळावर जगते असे मानले, तर ती शिकविणारी आजी आणि चूक सुधारणारा पुरोहित इतिहासातून वगळले जातात. ध्वनिमुद्रणामुळे एकच पाठ सर्वत्र पोहोचत असताना गावोगावचे पाठभेद नोंदविण्याचे दायित्वही मग कोणाचेच उरत नाही. जीव स्वतः जगतो. परंपरेस मात्र माणसांनी जगवावे लागते.