खोक्यातली मोटार

वाशीच्या नाहीतर नेरूळच्या एखाद्या घरात रविवारी सकाळी डोकावून पाहा. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेले आहे. चांगले चाळिशी ओलांडलेले गृहस्थ चष्मा नाकावर ओढून बसले आहेत आणि चिमट्यात मोटारीचे एक चिमुकले चाक धरून त्याच्याकडे टक लावून पाहत आहेत. समोर पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात 1957 सालची शेव्हरले बेल एअर, पण ती सुट्या भागांत. बॉनेट वेगळे, बंपर वेगळे, आसने वेगळी. घरातली मंडळी म्हणतात, "हे काय वय झालं का खेळण्यांचं?" म्हणोत बापडी! पण तुमच्यापैकी कोणाला हा नाद असेल, तर मला एवढेच सांगायचे आहे की तुम्ही टेबलावर जे करता आहात, तेच काम खाडीपलीकडे मुंबईत एके काळी खऱ्या गाड्यांवर पगारी कामगार करीत होते.

ही गोष्ट 1928 सालची. त्या वर्षी जनरल मोटर्स कंपनीने शिवडीला कारखाना उघडला. कारखाना म्हणायचा खरा, पण तिथे मोटार तयार होत नव्हती. तिथे ती जुळत होती. अमेरिकेहून अख्खी गाडी आणायची म्हणजे जहाजात केवढी जागा अडायची! त्यापेक्षा ती सुटी करून पेट्यांत भरली की भाडे वाचते. गोदीत पेट्या उतरायच्या, शिवडीला फोडल्या जायच्या, आणि चारही चाकांवर उभी राहिलेली शेव्हरले फाटकाबाहेर पडायची. फोर्ड कंपनीनेही 1926 सालीच हिंदुस्थानात आपली शाखा काढली होती. म्हणजे ज्या अमेरिकन गाड्यांचा मुंबईने एवढा तोरा मिरवला, त्यांतल्या कितीतरी आल्या त्या खोक्यातूनच.

परक्यांनी जोडलेल्या गाड्या आपण किती दिवस घ्यायच्या, हा प्रश्न ज्यांना पडला त्यांत आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. सर विश्वेश्वरय्यांनी या धंद्याचा आग्रह धरला होता. वालचंद 1939 साली अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. पण महायुद्ध आडवे आले, आणि इंग्रज सरकारचा पाठिंबाही मिळेना. अखेर 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि 1947 च्या मार्चमध्ये, म्हणजे स्वातंत्र्याला पाच महिने असताना, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर आली. पुढे कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या जुळू लागल्या.

हा थाट फार दिवस टिकला नाही. 1953 साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांना मोटार इथेच बनवायची आहे त्यांनी राहावे. नुसती जुळणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, असे धोरण ठरले. शिवडीची जुळणी 1954 साली थांबली. फोर्डनेही गाशा गुंडाळला. कुर्ल्याने इटलीच्या फियाटची लहान गाडी धरली, आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. थोरल्या अमेरिकन गाड्या मात्र रस्त्यावर झिजत राहिल्या. काही टॅक्सीला लागल्या, पुष्कळ शेवटी मोडीत गेल्या. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 साली सिडकोची स्थापना झाली, तोवर त्यांचा जमाना सरला होता. वाशीच्या रुंद रस्त्यांवर त्या गाड्या शोभल्या असत्या. पण चुकामूक झाली, ती झालीच.

आता प्रतिकृतींकडे वळू. हा छंद पोरांच्या हट्टातून निघाला असे वाटेल, तर ते पुरते खरे नाही. तो निघाला दुकानदारीतून. अमेरिकेत 1948 साली एएमटी नावाची कंपनी निघाली. नव्या गाडीची हुबेहूब छोटी नक्कल बनवून ती विक्रेत्यांना पुरवायची, हा तिचा धंदा. गाडी थोरल्यांनी पाहावी आणि नक्कल मुलाच्या हातात पडावी, म्हणजे घरी गेल्यावरही विषय चालू राहतो! पुढे 1958 पासून याच कंपनीने सुट्या भागांचे संच बाजारात आणले. त्यांचे माप एकास पंचवीस. बेल एअरची लांबी बरोबर 200 इंच. तिची नक्कल भरते 8 इंच. हिशेब किती सोपा, पाहा. ओतीव धातूच्या गाड्या बहुधा एकास त्रेचाळीस मापाच्या, आणि ते माप आले खेळण्यातल्या आगगाडीवरून.

नवी मुंबईतल्या छंदिष्टाचे दोन वैरी आहेत. पहिली खाडीची हवा. पावसाळ्यात रंग फवारला की ओलाव्याने त्यावर पांढुरकी साय धरते, म्हणून जाणते लोक दिवाळीपर्यंत थांबतात. धातूच्या गाड्यांचे दुखणे याहून वाईट. ओतताना जस्तात शिशाचा अंश राहून गेला असेल, तर दमट हवेत वर्षानुवर्षांनी अंगाला भेगा पडतात आणि गाडीचा भुगा होतो. त्याला औषध नाही. दुसरा वैरी जकात. परदेशी खेळण्यांवरची जकात 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 वर गेली आणि 2023 साली 70 वर. जकातीच्या पुस्तकात प्रतिकृतीही खेळण्यांच्याच सदरात. न्हावा शेव्याचे बंदर घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि खोका मात्र महाग! देशी खेळण्यांच्या कारखान्यांना आधार मिळावा हा हेतू मला पटतो. पण 1957 ची बेल एअर इथे कोणी ओतून देणार आहे का?

आणि खरी अडचण तर खोका उघडल्यावर कळते. अमेरिकेच्या संचात स्टिअरिंग डाव्या हाताला असते. मुंबईची गाडी करायची तर डॅशबोर्ड बारीक करवतीने कापायचा, उलटा जोडायचा, फट पुट्टीने भरून घासायची, पेडल उजवीकडे न्यायची. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला घ्यायचा. पद्मिनी टॅक्सीत तुम्ही तो तिथेच पाहिला असेल. एवढे करूनही ती कुर्ल्याची होत नाही. कारण कुर्ल्याची डॉज किंग्जवे ही अमेरिकेतल्या रस्त्यावरची डॉज नव्हेच. परदेशी पाठवण्यासाठी प्लिमथच्याच अंगाला डॉजचे तोंड बसवलेली ती गाडी. डिसोटो डिप्लोमॅटची जातही तीच. तेव्हा संच घ्यायचा प्लिमथचा, आणि पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, बॉनेटवरची अक्षरे हाताने घडवायची. त्यासाठी जुन्या जाहिराती धुंडाळायच्या, कोणाच्या लग्नाच्या आल्बममध्ये नवरदेवामागे उभी असलेली गाडी भिंगातून पाहायची.

तुमच्या घरी असा फोटो असेल, तर माणसांची ओळख पटवून झाल्यावर जरा मागेही नजर टाका. बॉनेटवरची अक्षरे वाचता आली, तर मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. टेबलावरच्या त्या गृहस्थांचे काम तेवढ्यावाचून अडले असेल.