खोताची कबुलायत आणि दलालाचा करारनामा

रायगडच्या किनाऱ्यावर जमिनीतला मध्यस्थ अटल सेतू झाल्यावर उगवलेला नाही. त्याचा मूळपुरुष खोत. सरकारला कबुलायत लिहून द्यायची, गावाचा सारा भरायची हमी घ्यायची आणि कुळाकडून पिकाचा वाटा ओढायचा, हे त्याचे काम. कागदावर तो वसुली करणारा होता. पण पिढ्यान्‌पिढ्या दप्तर त्याच्याच हातात राहिले, आणि जो मधला होता तो गावाचा धनी म्हणवू लागला.

त्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीला 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप केला. जमीन पडीक ठेवली, उपास काढले, पण सुमारे सहा वर्षे माघार घेतली नाही. 1934 साली चरीच्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले तेही बाबासाहेबांनीच. आगरी-कुणबी कूळ आणि महार शेतमजूर एका झेंड्याखाली आले ते इथे. खोती 1949 च्या कायद्याने गेली. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कायद्याने कूळ मालक झाले.

महार वतनाची कथा वेगळी, पण दुखणे तेच. त्या जमिनीच्या बदल्यात गावाची आणि सरकारची राबणूक होती. 1928 मध्ये बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतने प्रत्यक्षात गेली 1958 च्या कायद्याने. परत मिळालेल्या जमिनींवर मात्र शर्त राहिली: जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्यावर ती ‘वर्ग 2’ म्हणून दिसते. आदिवासींच्या, म्हणजे आपल्या कातकरी बांधवांच्या जमिनीलाही परवानगीचे कुंपण आहे.

आता दलाल नेमका याच जमिनींकडे वळतो, कारण अडचणीची जमीन स्वस्त मिळते. ‘परवानगीचे आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा,’ असे म्हणत तो तीन कागद पुढे करतो: विसार पावती, साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र. मालकाला वाटते, आपण गिऱ्हाईक शोधायला माणूस नेमला. खरेदीदाराच्या रकान्यात मात्र त्या माणसाचेच नाव असते, ‘किंवा तो सांगेल त्याच्या नावे’ अशी पुस्ती जोडलेली. हा दलाली करार नव्हे. हातात थोडा विसार टेकवून जमीन अडकवून ठेवण्याचा तो मार्ग आहे. भाव वाढला की वरचा पैसा त्याचा.

खरा दलाली करार साधा असतो. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मालकाने नेमलेला दलाल हा मालकाचा प्रतिनिधी. मागेल तेव्हा हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मालकाला अंधारात ठेवून त्याने स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. करारात मुदत किती, दलाली किती टक्के आणि ती कधी द्यायची (खरेदीखत नोंदल्यावर की नुसते गिऱ्हाईक दाखवल्यावर), दुसरा दलाल चालेल का, आणि मालकाने स्वतःच गिऱ्हाईक आणले तर काय, एवढे लिहिलेले हवे. ‘हातात अमुक घ्या, वरचे आमचे’ हा आपल्याकडचा लाडका रिवाज. त्यात खरी किंमत मालकाला कधीच कळत नाही.

रेरा आहे ना, असे कुणी म्हणेल. रेराखाली दलालाची नोंदणी लागते ती बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट-फ्लॅट विकायला. थळ-रेवदंड्याची भातशेती त्यात बसत नाही. आणि नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले. तरी ‘रद्द न होणारे’ असा शब्द त्यात घुसडतात. असा कागद मोडायला कोर्टात जावे लागते, आणि तिथे वर्षे जातात.

दलाल तटस्थ असतो, हाही भ्रमच. अमेरिकेत दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने 1924 साली आचारसंहितेतच लिहून ठेवले होते की, ज्या वंशाचे लोक आल्याने वस्तीतल्या घरांचे भाव पडतील त्यांना तिथे आणू नये. त्या संघटनेला जाहीर माफी मागायला 2020 उजाडले. आपल्याकडे असे लिहायची गरजच पडत नाही. आडनाव विचारले की काम होते.

आता उरण, पनवेल, पेणमधली 124 गावे नव्या शहराच्या आराखड्यात ओढली आहेत. वस्तीत जे कायद्याचे शिकलेले तरुण आहेत त्यांनी आजी-आजोबांचे सातबारे आणि फेरफार आताच काढून ठेवावेत, कोणती जमीन वर्ग 2 ची आहे ते पाहावे. कुणी सही मागायला आला तर कागदाची झेरॉक्स आधी मागावी, बहिणींची नावे वारसांत आहेत का तेही तपासावे. दलालाला झेरॉक्स द्यायची नसेल, तर सही कशासाठी हवी आहे हे त्यालाच चारचौघांत विचारावे.