परसातील निशिगंध : एका कंदाचा इतिहास



इंदूरच्या बागांचा विषय निघाला की आपण लालबागेपाशी जाऊन थांबतो. १८८६ मध्ये ज्याच्या बांधकामास आरंभ झाला आणि १९२१ मध्ये जो पूर्णत्वास गेला, त्या होळकरी प्रासादाभोवतालचे उद्यान इतिहासात नोंदले जावे, हे स्वाभाविकच आहे. दरबारी बागेला माळी असतात, हिशेबाच्या वह्या असतात. घरामागच्या परसाला यांपैकी काहीच नसते. तरीही परसाचा इतिहास लिहिता येतो, असे माझे म्हणणे आहे. त्याचे साधन कागद नव्हे, तर कंद.

मराठीतील ‘कंद’ हा शब्द मोठा उदार आहे. सोनटक्क्याचे जमिनीत आडवे पसरणारे खोड, डेलियाची फुगलेली मुळे, ग्लॅडिओलसचा घट्ट गड्डा आणि लिलीचा कांद्यासारखा पापुद्र्यांचा कंद या सर्वांना आपण एकाच नावाने ओळखतो. त्यांपैकी निशिगंधाचीच कथा मी आज निवडली आहे. हार, वेणी, देवपूजा, लग्नमंडप यांत तो इतका मुरला आहे की, तो परदेशी असल्याचे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः त्याचे मूळ मेक्सिकोतील. स्पॅनिश लोक तेथे पोहोचण्यापूर्वीच तेथील आझ्टेक लोक तो लावीत असत आणि त्याच्या पांढऱ्या रंगावरून त्यास ‘अस्थिपुष्प’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. सोळाव्या शतकात तो स्पेनमध्ये आला आणि पुढे समुद्रमार्गाने पूर्वेकडे. आपल्याकडे आल्यावर त्यास मिळालेली नावे पाहा: फारसी वळणाची ‘गुलछडी’, संस्कृत घडणीचा ‘निशिगंध’, हिंदीतील ‘रजनीगंधा’ आणि उर्दूतील ‘गुलशब्बो’. ज्या माळव्याच्या रात्रींचा ‘शब-ए-माळवा’ म्हणून लौकिक झाला, त्या प्रदेशात रात्रीच्या सुगंधाचे हे फूल रुजावे, हा योग मला गमतीचा वाटतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर अलीकडे त्याची गणना घायपाताच्या वंशात केली आहे. म्हणजे कुंपणावरचा काटेरी घायपात आणि देवघरातील निशिगंध हे भाऊबंद ठरले!

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, रानटी अवस्थेतील निशिगंध आज ज्ञात नाही. त्याचा विस्तार मुख्यतः कंदापासून होतो. एक कंद एकदाच फुलतो. मग त्याच्या भोवतीची पिल्ले वाढतात, ती वेगळी करून लावावी लागतात. मनुष्याचा हात लागला नसता, तर हे फूल आज उरले असते की नाही, याची शंकाच आहे.

इंदुरात या हाताची परीक्षा अधिक कठीण होती. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाणी साचले, हवा कोंडली की कंद कुजतो. याच मातीचा विचार करण्यासाठी १९२४ मध्ये येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांच्यापुढे प्रश्न फुलांचा नव्हता, कापसाचा होता. तथापि मुळांना हवा मिळाली पाहिजे, हा त्यांचा आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांचा पूसा येथील संशोधनापासूनचा आग्रह कंदालाही तितकाच लागू पडतो. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ओलसर राखून, तीन वेळा खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत खत सिद्ध करण्याची जी पद्धत येथे विकसित झाली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगात गेली. १९३१ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. पहिले नाव जगाला ठाऊक आहे. दुसरे आपल्याच गावात किती जणांना ठाऊक असेल? येथील इतिहासाच्या तासाला तरी ते उच्चारले जावे, अशी माझी अपेक्षा आहे.

गंमत अशी की, या खताची सामग्री घरोघरच्या उकिरड्यात होतीच. नव्हती ती ओलाव्याची मोजदाद आणि ढीग उलटण्याची शिस्त. ज्या गृहिणी चूल आवरून राख केळीच्या आणि फुलझाडांच्या आळ्यात टाकीत, त्यांनी प्रबंध लिहिले नाहीत. हिवाळ्यात पाने पिवळी पडली की पाणी तोडावे, कंद काढून सावलीत सुकवावेत आणि उन्हाळ्याच्या आरंभी उंचवट्याच्या वाफ्यात लावावेत, हे ज्ञान शेजारणीला कंद देतानाच तोंडी दिले जाई. सासरी निघालेल्या मुलीच्या सामानातही पुरचुंडीत बांधलेले चार कंद सहज मावत.

आता परस गेले, सज्जे आले. कुंडीतही निशिगंध उत्तम येतो. सुपारीहून मोठा, टणक कंद निवडावा, तळाचे छिद्र खापरीने सैल झाकावे, काळ्या मातीत निम्मे कुजलेले खत व थोडी वाळू मिसळावी आणि दोन इंच खोल लावावे. मार्च-एप्रिलमध्ये लावलेला कंद पावसाळ्यात दांडा धरतो, आणि तो फुलून गेल्यावर कुंडी उलटली की पुढच्या वर्षाची पिल्ले हाती येतात.