टाकीच्या आतली बाजू

औषधांच्या किमतींवर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. औषध ज्या टाकीत तयार होतं, तिच्यावर कोणी बोलत नाही. मी तीसेक वर्षं स्टेनलेस स्टीलच्या याच टाक्यांची ड्रॉइंग्ज काढली. आधी बोर्डवर, मग कॉम्प्युटरवर. गिऱ्हाईक अंबरनाथ, तारापूर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं, पुढे गोव्याचं आणि बद्दीचं. छिंदवाड्याच्या कफ सिरपची बातमी आल्यापासून हे लिहायचं डोक्यात होतं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात पेनिसिलिनपासून करतो. ऑक्सफर्डला १९४०च्या सुमारास पेनिसिलिनची बुरशी चक्क रुग्णांच्या बेडपॅनमध्ये वाढवत होते. बुरशी फक्त पृष्ठभागावर वाढायची, औषध चिमूटभर निघायचं. १ मार्च १९४४ला फायझरने ब्रुकलिनमधल्या एका जुन्या बर्फाच्या कारखान्यात प्रत्येकी ७,५०० गॅलनच्या १४ टाक्या सुरू केल्या. बुरशी द्रवात बुडवून, खालून निर्जंतुक हवा सोडून वाढवायची. औषध मुबलक मिळू लागलं ते तेव्हापासून. पण अट एकच, परका जंतू आत शिरता कामा नये. शिरला तर अख्खी टाकी वाया.

आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. नंतर १९७०चा पेटंट कायदा आला, १९७२पासून लागू झाला. औषधावर नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट. मग देशी कंपन्या स्वतःच्या पद्धतीने औषधं बनवू लागल्या. त्यांना टाक्या हव्या होत्या, आणि त्या इथल्याच फॅब्रिकेशन शॉपमधून हव्या होत्या. आमच्या धंद्याला बरकत आली ती यातून.

आता थोडं तांत्रिक. स्टीलमधल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन वर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तोच स्टीलला गंजू देत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टीलमधला कार्बन हे क्रोमियम धरून बसतो आणि जोडाच्या कडेला गंज सुरू होतो. म्हणून औषधाच्या टाकीला ३१६ एल वापरतात. त्यात कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत, आणि मीठ-क्लोराइडला टक्कर द्यायला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. वेल्डिंग आर्गनने, आणि जोडाच्या मागच्या बाजूलाही आर्गन सोडायचा, नाहीतर तिथे काळं पडतं. मग ग्राइंडिंग, बफिंग, काही ठिकाणी इलेक्ट्रोपॉलिश. हे आरशासारखं फिनिश शोभेसाठी नसतं. ओरखड्यात औषध अडकतं, आणि जिथे औषध अडकतं तिथे जंतू घर करतात.

आमचं खरं डोकं लागायचं ते टाकी पूर्ण रिकामी कशी होईल यात. तळाला उतार हवा. पाइपच्या फाट्यात द्रव साचून राहतो त्याला डेड लेग म्हणतात, तो जितका आखूड तितका बरा. टाकी धुतली जाते की नाही हे बघायला आत रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचं पाणी फवारायचं, मग स्प्रे बॉलने धुवायचं आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचं. जिथे पिवळं-हिरवं चमकेल तिथे पाणी पोचलेलं नाही. अ‍ॅजिटेटरच्या दांड्यामागे हमखास चमकायचं!

आता मुद्द्याचं. एकाच शॉपमध्ये आम्ही दोन प्रकारच्या टाक्या बनवायचो. एक्स्पोर्टवाल्या गिऱ्हाइकाला प्रत्येक प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट, प्रत्येक जोडाचा नकाशा, कोणत्या वेल्डरने केला त्याची नोंद लागायची. कारण उद्या अमेरिकेचा इन्स्पेक्टर येणार. शेजारीच देशी बाजाराच्या सिरपची टाकी असायची. "३०४ चालेल, आतून बफिंग मारून द्या, कागद नकोत." वेल्डर तेच, मशीन तीच. फरक एवढाच, की दुसऱ्या टाकीत कोणी डोकावून बघणार नव्हतं. सगळी देशी गिऱ्हाइकं अशी होती असं मुळीच नाही, पण असं सांगणारी कमीही नव्हती.

आणि बघणं का लागतं, हे मुंबईइतकं कोणाला माहीत असावं? १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण गेले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदी आणि तपासणीतला सडलेला कारभार उघडा केला. १९८८ साली औषध नियमांत 'शेड्यूल एम' आलं, म्हणजे कारखाना, यंत्रं, नोंदी कशा असाव्यात याची यादी. २०२३च्या अखेरीस ते कडक केलं गेलं. मोठ्या कंपन्यांना ६ महिने, छोट्यांना १२. मग छोट्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढली.

त्या वाढीव मुदतीतच छिंदवाडा घडलं. सिरपच्या नमुन्यात तेच डायएथिलीन ग्लायकॉल, ४८ टक्क्यांहून जास्त. उपचारासाठी मुलं नागपूरला आणली होती, त्यातली कितीतरी घरी परतलीच नाहीत. नंतरच्या तपासणीत त्या कारखान्यात साडेतीनशेहून जास्त त्रुटी निघाल्या. नंतर!

इंजिनिअर म्हणून एक स्पष्ट सांगतो. उत्तम ३१६ एलची टाकी असती तरी ते विष तिला ओळखता आलं नसतं. कच्चा माल प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. पण कच्चा माल न तपासणारा आणि टाकी आतून न बघणारा कारखाना बहुधा एकच असतो. दोन्हीकडे हिशेब तोच, की बघायला येतंय कोण?

छोट्या कारखानदारांची अडचण मला कळते. चांगली टाकी महाग पडते, कर्ज लागतं. सरकारने स्वस्त कर्ज जरूर द्यावं, पण तपासणीत सूट देऊ नये. आणि तपासणीचे अहवाल लोकांना वाचायला मिळावेत. अमेरिकेचं औषध प्रशासन आपल्या कारखान्यांना दिलेली ताकीदपत्रं इंटरनेटवर टाकतं, कोणीही वाचावीत. आपल्याच कारखान्यांबद्दल आपल्याच प्रशासनाने काय लिहिलंय, ते आपल्याला का वाचता येऊ नये? हा प्रश्न आपापल्या आमदार-खासदारांना विचारा. मी विचारलाय, उत्तराची वाट बघतोय.