पैनगंगेच्या अलीकडे



आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा १९५६ पासून सुरुवात करतो. खरी गोष्ट त्याआधी शंभर वर्षे सुरू होते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पैनगंगा सरहद्द झाली. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडच्या दक्षिणी राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. नदीपलीकडे इंग्रजी रुपया आणि रेल्वे आली; अलीकडे हाली सिक्का, करोडगिरीचा नाका आणि उर्दू दफ्तर राहिले. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर चालूच होती.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली. आपल्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. नांदेडचे मुधोळ इकडे आले. आपले गुडीहत्नूर आंध्र प्रदेशात राहिले आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. ज्यांचा जन्म निजामाच्या राज्यात झाला, त्यांनी गाव न सोडता तीन राज्ये पाहिली.

एवढे आपण अभिमानाने सांगतो. पण या भूमीत आपल्याआधी गोंड आणि कोलाम होते. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम जल, जंगल, जमिनीसाठी लढताना मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने अभ्यासासाठी नेमलेल्या हायमेंडॉर्फ यांनी, आदिवासींच्या जमिनी बाहेरून आलेल्या शेतकरी-सावकारांकडे कशा गेल्या, ते नोंदवून ठेवले. त्या बाहेरून आलेल्यांत मराठी घरेही होती, आम्हा व्यापाऱ्यांचीही होती.

रोग्याची पूर्वपीठिका विचारताना त्याला सांगावेसे वाटते तेवढेच लिहून घेतले, तर औषध चुकते. इतिहासाचेही तसेच आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या पेट्यांत जुन्या खातेवह्या, उर्दू खरेदीखते, १९५४-५५ च्या खसरा पहाणीच्या नकला पडून असतील. ती उर्दू वाचणारी वडील माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती आहेत तोवर हे कागद वाचून मराठीत उतरवून घ्या. आपल्या सोयीचे निघो वा गैरसोयीचे, सगळे उतरवा. जमीन कुणाकडून आली, ते नावही गाळू नका.